वाचकांचे प्रश्न : ठेवीवरच्या क्रेडिट कार्डाने पहिली मोटरसायकल घ्यावी का?

प्रश्न : मी वीस वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. घर नंदनवनला आणि महाविद्यालय हिंगणा मार्गावर आहे. मेट्रोने लोकमान्य नगरपर्यंत जाता येते, परंतु महाविद्यालय तिथून बरेच पुढे आहे. शिवाय सायंकाळी मी मानेवाड्याला दोन घरी शिकवण्या घेतो आणि रात्री परतताना फार अडचण होते. शिकवण्यांचे मला महिन्याला ६,००० रुपये मिळतात. १२५ सीसीच्या मोटरसायकलची रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ९५,००० रुपये सांगितली आहे. आई-बाबा ४०,००० देणार आहेत, माझ्याजवळ १०,००० साठले आहेत. बारावीनंतर आजोबांनी माझ्या नावे ५०,००० रुपयांची मुदत ठेव केली होती. तिच्यावर बँक ४५,००० मर्यादेचे क्रेडिट कार्ड द्यायला तयार आहे. उरलेली रक्कम कार्डाने भरून दर महिन्याला किमान देय रक्कम भरत जावी, असा माझा विचार आहे. कार्डाच्या माहितीपत्रकात दरमहा ३.५ टक्के व्याज लिहिले आहे. बाबांना मात्र कर्जच नको आहे. मी काय करावे?

– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : गाडीची तुमची गरज खरी आहे आणि पत्रात आकडे इतक्या व्यवस्थित मांडले आहेत की उत्तर देणे सोपे झाले. गाडी घ्यावी, पण या पद्धतीने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दरमहा ३.५ टक्के हा आकडा वाचायला लहान वाटतो, पण वर्षाचा हिशेब केला तर तो ४२ टक्क्यांवर जातो. कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो, जो बँकेच्या साध्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही. ४५,००० रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज १,५७५ रुपये आणि त्यावरचा कर सुमारे २८४ रुपये, म्हणजे एकूण १,८५९ रुपये होतात. किमान देय रक्कम पुष्कळ कार्डांवर थकबाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. तुमच्या बाबतीत ती साधारण २,२५० रुपये धरा. तेवढे भरले की दंड टळतो आणि मन निश्चिंत होते, परंतु मुद्दल जेमतेम ३९१ रुपयांनी कमी झालेले असते. याच गतीने तुम्ही वर्षभर दर महिन्याला २,२५० रुपये भरत राहिलात, तर २७,००० रुपये देऊनही सुमारे ३९,००० रुपयांचे देणे तुमच्या डोक्यावर शिल्लक राहील. शिवाय पूर्ण बिल भरले नाही, की बिनव्याजी मुदत नव्या खरेदीलाही मिळत नाही. म्हणजे त्याच कार्डाने भरलेल्या पेट्रोलवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

या सगळ्याहून मला अधिक खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. हे कार्ड तुमच्या ठेवीच्या तारणावर मिळते. म्हणजे बँक तुमचेच पैसे हमी म्हणून अडकवून ठेवते, त्यांवर तुम्हाला सहा-सात टक्के देते आणि त्यांच्याच आधाराने दिलेल्या उधारीवर तुमच्याकडून ४२ टक्के घेते. देणे थकले तर ती ठेव मोडून वसुली करण्याचा अधिकारही बँकेकडे असतो. आजोबांनी प्रेमाने ठेवलेली रक्कम अशा व्यवहारात जावी, हे मला पाहवणार नाही.

त्याच बँकेत, त्याच ठेव पावतीवर, कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट (खात्यात शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची सोय) मिळू शकतो आणि त्याचा दर सर्वसाधारणपणे ठेवीच्या व्याजदरापेक्षा एक ते दोन टक्क्यांनी अधिक असतो. तुमच्या ठेवीला सात टक्के मिळत असतील, तर कर्ज नऊ टक्क्यांच्या आसपास पडेल. ४५,००० रुपये नऊ टक्क्यांनी अठरा महिन्यांत फेडायचे ठरवले, तर हप्ता जवळपास २,७०० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे ३,३०० रुपये जाते. ठेव तशीच राहते आणि तिचे व्याज तुम्हाला मिळत राहते. तुम्ही कदाचित म्हणाल की कार्डाच्या रकमेचेही हप्ते पाडून घेता येतात. घेता येतात, आणि किमान रक्कम भरत राहण्यापेक्षा ते कितीतरी बरे; पण १५ टक्के दर धरला तरी अठरा महिन्यांत व्याज आणि त्यावरचा कर मिळून सुमारे ६,५०० रुपये होतात, शिवाय प्रक्रिया शुल्क वेगळे.

शोरूममध्ये दुचाकी कर्जही सुचवले जाईल. उत्पन्नाचा पक्का पुरावा नसल्याने बाबांना सहकर्जदार व्हावे लागेल, आरसीवर कर्जाचा बोजा चढेल आणि कर्ज फिटल्यावर ना हरकत प्रमाणपत्र व फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो उतरवून घ्यावा लागेल. तिथे दर 'फ्लॅट' सांगितला, तर सावध राहावे : दोन वर्षांसाठी फ्लॅट नऊ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सोळा टक्क्यांहून अधिक व्याज होते, कारण फिटलेल्या मुद्दलावरही व्याज मोजले जाते.

कर्ज ठरवण्यापूर्वी ९५,००० हा आकडा मात्र पुन्हा तपासून घ्या. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रक त्यानंतरचे आहे ना, ते पाहा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीयपक्षी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे, पण तो शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, म्हणून विम्याचे दर बाहेरही विचारा. कोटिंग, वाढीव वॉरंटी, सजावटीच्या वस्तू अशा ओळी दरपत्रकात असतील तर नको असलेल्या काढायला सांगा. येथे वाचलेले दोन-तीन हजार म्हणजे तुमचा एक पूर्ण हप्ता आहे. हेल्मेटवर मात्र काटकसर करू नका. आयएसआय चिन्हाचे चांगले हेल्मेट घ्या.

महिन्याचा हिशेबही मांडून ठेवतो. २,७०० हप्ता आणि रोजच्या पंचवीस-तीस किलोमीटरचे पेट्रोल साधारण १,५०० धरले, तर ६,००० पैकी १,८०० रुपये हाती उरतात. त्यांतच सर्व्हिसिंग आणि वर्षाकाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा विमा भागवायचा आहे. परीक्षा आटोपल्या की नागपुरात एप्रिल-मेमध्ये शिकवण्या बंद पडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तेव्हा दोन हप्त्यांइतके, म्हणजे ५,४०० रुपये, आधी बाजूला साठवा आणि मगच गाडीची नोंदणी करा; त्यासाठी दसऱ्याचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

क्रेडिट कार्ड वाईट नाही. पुढे-मागे लहान मर्यादेचे कार्ड घेऊन महिन्याचे पेट्रोल त्यावर भरले आणि बिल दर वेळी पूर्ण चुकते केले, तर ३०० ते ९०० या मोजपट्टीवरचा तुमचा सिबिल गुणांक, म्हणजे उधारी फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण, चांगला घडत जाईल आणि नोकरीनंतर त्याचा उपयोग होईल. गाडीच्या वेळीही, खात्यात तयार असलेली रक्कम कार्डाने भरून देय तारखेला पूर्ण फेडण्यात काही चूक नाही. मात्र शोरूम त्यासाठी वेगळे दोन टक्के मागत असेल, तर रक्कम थेट खात्यातूनच द्या.

बाबांचा विरोध समजून घ्या. त्यांना कर्ज नको आहे, कारण ते फिटेल कसे याचे चित्र त्यांच्यासमोर नाही. वरचा हिशेब एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा, ठेव पावती घेऊन त्यांच्याबरोबरच बँकेत जा आणि तारण कर्जाचा दर लेखी मागा. तो ऐकूनही त्यांचे मन घेत नसेल, तर ठेव मोडून तिच्यातून गाडी घेण्याचा मार्गही खुला आहे. मुदतीपूर्वी मोडल्याने व्याज थोडे कमी मिळेल, पण हप्त्याची काळजी राहणार नाही आणि जे २,७०० रुपये हप्त्यात गेले असते, ते दर महिन्याला नव्या आवर्ती ठेवीत टाकून आजोबांची रक्कम तुम्हाला पुन्हा उभी करता येईल.