ऑफर लेटर आलं आणि गेलं

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. पुण्याच्या कंपनीनं मुलाखती घेऊन ऑफर लेटर दिलं. ईमेलवर होकार कळवून मी इथं राजीनामा दिला. आता ‘पद रद्द झालंय’ असा दोन ओळींचा ईमेल आलाय. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, पुण्याशी भांडण नंतर. आधी उद्याच मालकांना गाठा. नोटीस पिरियड चालू असेल तर राजीनामा मागे घेत असल्याचं लेखी द्या, पोच घ्या. ऐकतीलच असं नाही. पण मार्च तोंडावर असताना हिशेबाचं माणूस सहजी कोण सोडतंय!

मग लेटर नीट वाचा. रुजू होण्याआधी ऑफर रद्द करायचा हक्क कंपनीनं राखून ठेवला असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. नसेल, तर होकारानंतर तो करार ठरू शकतो आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते. नोकरीच द्या, असं मात्र कोर्ट सहसा सांगत नाही.

वकिलाच्या नोटिशीआधी एचआरला साधा ईमेल करा : राजीनाम्याची तारीख, बुडणारा पगार, पुण्यात खोलीसाठी डिपॉझिट भरलं असेल तर तेही. फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, उत्तर लेखीच मागा.