नव्वदच्या दशकातला गिटारचा आवाज परत आणणारे नवे बँड नुसते नकलाकार असतात का? एखादा चांगला पहिला अल्बम सुचवाल?

आधी अल्बम सांगतो, मग भांडण. लंडनच्या 'यक' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम, फेब्रुवारी २०११ मध्ये आलेला.

नकलेचा आरोप या पोरांवर पहिल्या दिवसापासून झाला आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. सुरुवातीला डायनोसॉर ज्युनियर, मध्ये पेव्हमेंट आणि टीनेज फॅनक्लब, शेवटी माय ब्लडी व्हॅलेंटाइन, असे त्या काळातले गिटारवाले बँड गाण्यागणिक बोट ठेवून दाखवता येतात. जाणकार मंडळींना हा खेळ फार आवडतो. मला मात्र हा अल्बम त्या यादीतल्या एक-दोन मूळ अल्बमांपेक्षाही जास्त वेळा लावावासा वाटतो, आणि त्याचं श्रेय गिटारच्या आवाजापेक्षा चालींना आहे.

त्या आवाजाची गंमत अशी की तो कुणी ठरवून शोधलेला नव्हता. फेंडरने १९५८ मध्ये जॅझमास्टर नावाची महागडी गिटार काढली, जॅझ वाजवणाऱ्यांसाठी. जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं बघितलं नाही. पुढे तिचं उत्पादनही थांबलं आणि ऐंशीच्या दशकात ती जुन्या वाद्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळायला लागली. ज्यांच्या खिशाला फेंडरचीच लोकप्रिय स्ट्रॅटोकास्टर गिटार परवडत नव्हती त्यांनी ती उचलली. डायनोसॉर ज्युनियरचा जे मॅस्किस त्यातलाच. सोनिक यूथ आणि माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या हातातही हीच गिटार दिसते. हिचा कंपनाचा दांडा, म्हणजे ट्रेमोलो आर्म, लांब आणि हलका असतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा केव्हिन शील्ड्स तो दांडा तळहातात धरूनच तारा छेडायचा, त्यामुळे अख्खी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले अनेक स्वर, सतत किंचित वरखाली सरकत राहते. त्यांच्या १९९१ च्या 'लव्हलेस' अल्बममध्ये डोकं गरगरल्यासारखं होतं ते त्यामुळे. पुष्कळांना वाटतं की तिथे ढीगभर इफेक्ट्स आहेत. मोठा वाटा खरं तर त्या हाताचा आहे.

दुसरी वस्तू म्हणजे फझ पेडल, गिटारचा आवाज फाटका करणारी पायाने दाबायची डबी, त्यातही बिग मफ नावाची. हे पेडल सिग्नल इतका कापतं की हळू छेडलेला सूर आणि जोरात छेडलेला सूर जवळजवळ सारखेच मोठे ऐकू येतात आणि सूर लांबत राहतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. सहाही तारांवर भरगच्च कॉर्ड वाजवली की नुसता चिखल होतो. म्हणून शहाणे वादक एका गिटारवर मोजकेच स्वर असलेली जाड भिंत उभी करतात आणि दुसरीवर, वरच्या तारांवर, लहान मुलालाही गुणगुणता येईल अशी साधी सुरावट वाजवतात.

आता यकचं पहिलं गाणं लावा, 'गेट अवे'. हेच सगळं तिथे उघड्यावर मांडलेलं आहे. खाली फझची भिंत, तिच्यावर वाकवलेल्या तारेची छोटी सुरावट, आणि गायकाचा आवाज मुद्दाम मागे ढकललेला, तोही जरा चिरका केलेला. शब्द नीट कळत नाहीत आणि कळायची फारशी गरजही भासत नाही. गाणं संपल्यावर तुम्ही जे गुणगुणता ती गायलेली ओळ नसते, गिटारची असते. मूळ नव्वदवाल्यांपैकीही फार थोड्यांना हे सातत्याने जमलं.

माझी कसोटी सोपी आहे: पेडल बंद करा आणि तेच गाणं साध्या अकूस्टिक गिटारवर वाजवा. 'शुक डाउन' किंवा 'सुइसाइड पोलिसमन' असं वाजवलं तरी गाणं जागच्या जागी उभं राहतं. नकलाकार बँडचं गाणं इथेच कोसळतं, कारण पेडलच्या खाली काहीच नसतं. या कसोटीवर यकचीही सगळी गाणी पास होत नाहीत. 'ऑपरेशन' ऐकताना सोनिक यूथची इतकी आठवण येते की तिथे तुमचा 'नक्कल' हा शब्द मी मुकाट्याने मान्य करेन. 'रोझ गिव्ह्ज अ लिली' हा गाण्याविनाचा तुकडा नसता तरी चाललं असतं. पण शेवटचं 'रबर' सोडू नका. सात मिनिटं संथ लयीत एकच गोष्ट फिरत राहते, आवाज थरावर थर चढत जातो आणि गायक त्यात जवळजवळ बुडून जातो. हे मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, काहीही हाती लागणार नाही.

बँडमधले डॅनियल ब्लूमबर्ग आणि मॅक्स ब्लूम त्याआधी केजन डान्स पार्टी नावाच्या बँडमध्ये होते, अगदी शाळकरी वयापासून. त्या बँडचा एकुलता एक अल्बम २००८ मध्ये आला, तो सुएड या बँडचा जुना गिटारवादक बर्नार्ड बटलर याने ध्वनिमुद्रित करवून घेतला होता. यकमध्ये ड्रमर जॉनी रोगॉफ न्यू जर्सीचा आणि बास वाजवणारी मारिको डोई हिरोशिमाची. ब्लूमबर्गचा जन्म १९९० चा, म्हणजे 'लव्हलेस' आला तेव्हा हा गडी दोन वर्षांचाही नव्हता. त्यामुळे 'आमच्या वेळी' वगैरे उसासे त्याच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं. अमेरिकन गबाळा गिटार-रॉक आणि ब्रिटिश शूगेझ, म्हणजे 'लव्हलेस'सारखं गिटारच्या धुक्यात बुडालेलं संगीत, हे दोन प्रवाह त्या काळी वेगवेगळ्या गावचे होते. या पोरांना दोन्ही एकाच फडताळात सापडले. म्हणून 'जॉर्जिया'सारख्या गाण्यात ब्लूमबर्ग आणि त्याची बहीण गोड सुरात गात असतात आणि खाली सगळा गोंगाट चाललेला असतो, तरी त्यात जोडकाम दिसत नाही.

अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण ब्लूमच्या आईवडिलांच्या घरी झालं. ते ऐकू येतं, आणि तेच बरं आहे. याच्या उलट उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्कचा द पेन्स ऑफ बीइंग प्युअर अ‍ॅट हार्ट हा बँड. २००९ चा त्यांचा पहिला अल्बम असाच घरगुती, धुरकट आणि छान होता. दुसऱ्यासाठी त्यांनी फ्लड आणि अ‍ॅलन मोल्डर या ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या नामवंत जोडीला बोलावलं. स्मॅशिंग पम्पकिन्स या बँडचा नव्वदच्या दशकातला आवाज ज्यांच्या हातून गेला तीच ही माणसं. आवाज भव्य झाला, यात वाद नाही. पण पहिल्या अल्बमची ओढ काही त्याला आली नाही, निदान माझ्यासाठी तरी.

नकलेबद्दल आणखी एक. स्नेल मेल म्हणजे गायिका-गिटारवादक लिंडसी जॉर्डन, तिचा पहिला अल्बम 'लश' २०१८ मध्ये मॅटाडोरने काढला, पेव्हमेंटचे अल्बम काढणारी कंपनी तीच. लिंडसी गिटार शिकली ती हेलियम या नव्वदच्या बँडच्या मेरी टिमोनीकडे. आपल्याकडे शिष्याच्या गळ्यातून गुरूची जागा निघाली तर आपण दाद देतो, 'तालीम दिसते' म्हणतो. रॉकवाल्यांकडे मात्र लगेच चोरीची भाषा सुरू होते. हा अल्बमही नक्की ऐका. यकपेक्षा यात गोंगाट कमी, गाणं जास्त आहे. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या बीबाडूबी या गायिकेचा 'फेक इट फ्लॉवर्स' (२०२०) त्यानंतर. तो थोडा जास्त गुळगुळीत आहे, पण रस्त्यात ऐकायला झकास.

यकचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ब्लूमबर्ग २०१३ मध्ये बाहेर पडला. ब्लूमने सूत्रं हाती घेतली आणि आणखी दोन अल्बम काढले. त्यातला 'ग्लो अँड बिहोल्ड' नीटनेटका आहे, पण पुन्हा लावावा असं वाटत नाही. २०२१ मध्ये बँड संपल्याचं जाहीर झालं. ब्लूमबर्ग तिकडे लंडनच्या कॅफे ओटोमधल्या मुक्त, आयत्या वेळी रचलेल्या संगीताच्या वर्तुळात रमला, मग चित्रपटांना संगीत देऊ लागला, आणि २०२५ मध्ये 'द ब्रूटलिस्ट'साठी त्याला ऑस्कर मिळालं. त्या संगीतात फझ गिटार शोधायला जाऊ नका, पियानो आणि ब्रासची वाद्यं मिळतील. आधी 'गेट अवे', मग 'जॉर्जिया', मग 'रबर' ऐका. ही तीन आवडली नाहीत तर उरलेल्या नऊ गाण्यांच्या वाटेला जाऊ नका.