मुलीला टाइप 1 मधुमेह. शाळा म्हणते, हमीपत्र द्या

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत तिला टाइप 1 मधुमेह निघाला. जूनमध्ये ती तिसरीत जाईल. शाळा खासगी, विनाअनुदानित. मुख्याध्यापिका म्हणतात, सुया शाळेत आणायच्या नाहीत, दुपारचं इन्सुलिन तुम्हीच येऊन द्या, आणि काही झाल्यास शाळा जबाबदार नाही असं पाचशेच्या स्टँपवर लिहून द्या. नाहीतर दाखला न्या. काय करू? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, हमीपत्राच्या मसुद्याचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. त्यावर सही करू नका. तिसऱ्या परिच्छेदात ‘कर्मचाऱ्यांच्या चुकीमुळेसुद्धा’ असे शब्द घुसवलेत. म्हणजे उद्या रक्तातली साखर उतरून मुलगी घामाघूम झाली, बाकावर डोकं टेकून बसली आणि बाईंनी ‘नाटकं पुरे’ म्हणत तिला डबा उघडू दिला नाही, तरी ते तुम्ही आधीच माफ केलेलं. सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार रद्द ठरवणारं करार कायद्याचं कलम 23 बघता हा कागद कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. पण टिकणार नाही म्हणून सही ठोकायची, हा सल्ला कुठला वकील देईल?

दाखल्याची धमकी तर पोकळच. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. विनाअनुदानित शाळाही त्यात आल्या. शाळा अल्पसंख्याक संस्थेची नाही ना, तेवढं बघून घ्या. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना हा कायदा लागू नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, असं कोणी सुचवेल. त्या वाटेला जाऊ नका, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मधुमेह नाही.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. वर्गशिक्षिकेने इन्सुलिन टोचलंच पाहिजे, असं सांगणारं कलम नाही. पण टोचू देणं वेगळं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना लिहिलं, की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळेत खाऊ द्यावं. हे पत्र म्हणजे कायदा नव्हे, पण त्याची प्रत टेबलावर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो.

शाळेला खरी भीती कसली आहे, तेही बघा. उद्या काही झालं तर पोलीस आमच्या दारात, ही. तिला उत्तर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 27 : बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण मिळतं. त्यालाही अपवाद आहेत, पण बेतशीर साखर भरवणारी शिक्षिका त्यात अडकत नाही. म्हणून हमीपत्राऐवजी तुम्हीच संमतीपत्र द्या, साध्या कागदावर, सोबत डॉक्टरांच्या सहीची सूचना जोडून. सूचनेत मोघम काही नको. रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108 ला फोन. इन्सुलिनचं पेन कुठे ठेवायचं, वापरलेली सुई कोणत्या डब्यात टाकायची, तुमचा फोन लागला नाही तर कोणाला करायचा. आठ वर्षांची मुलगी मोठ्या माणसाच्या नजरेखाली स्वतः पेन टोचू शकेल का, हे डॉक्टरांनीच लिहावं. तोवर दुपारी तुम्हाला जावं लागेल, पण ते तुमच्या सोयीने ठरलेलं असावं, प्रवेशाची अट म्हणून नव्हे.

पत्र शाळा उघडायच्या आधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिपाई ‘ठेवून जा’ म्हणेल. थांबा, शिक्का घेऊनच निघा. शाळा अडूनच बसली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, तुमच्याकडे ते जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, लेखी तक्रार करा. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. मला वाटतं, तिथवर जावं लागणार नाही.

सहलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मसुद्याच्या पाचव्या परिच्छेदात ‘सहल व क्रीडास्पर्धांतून वगळण्यास संमती’ आहे. तुमच्या पत्रात सहल आणि स्पर्धा, दोन्हींत सहभाग नावानिशी मागा.