बक्षीसपत्रातलं वाक्य आधी वाचा, अर्ज आईच्या नावाने करा

प्रश्न : मी सोलापुरात अशोक चौकाजवळ राहते. आई 74 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं अडखळतं, पण सगळं कळतं. तिचं सगळं मीच करते, त्यापायी माझं शिवणकाम बंद पडलं. राहतं घर आईने 2022 मध्ये पुण्याच्या भावाला बक्षीसपत्राने दिलं. पहिलं वर्षभर तो पैसे पाठवायचा, आता फोन उचलत नाही. घर विकणार असं कानावर आलंय. घर परत मिळेल का? माझ्या सेवेचे पैसे मागता येतील का?

उत्तर : ताई, बक्षीसपत्र घरात सापडत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढा. मग सेवेबद्दलच्या वाक्याचा काळ पाहा. ‘मुलगा माझी सेवा करीत आला आहे’ हे झालं घर देण्याचं कारण. ‘यापुढे तहहयात माझा सांभाळ व औषधपाणी करील’ ही झाली अट. तुमचं घर या क्रियापदावर अडकलेलं आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, 2007 याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अटच नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने वेगळ्या कागदावर दिलेलं सांभाळाचं वचनही धरलं गेलं आणि आईला ताबा परत देण्याचा आदेश झाला. म्हणून भावाने त्या सुमारास काही लिहून दिलंय का, ते कपाटात नीट शोधा. त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडा, पण नुसत्या मेसेजवर घर परत येईल अशी आशा मी लावणार नाही. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी दाव्याला फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत आहे. ती आधी मोजा.

निर्वाहखर्चाला मात्र बक्षीसपत्रातली अट लागत नाही. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, तिथले उपविभागीय अधिकारीच न्यायाधिकरणाचे प्रमुख असतात. आई इथे राहते, म्हणून अर्ज सोलापुरातच चालतो, पुण्याला खेटे नकोत. अर्जदार मात्र आईच हवी. बरेच अर्ज इथेच घसरतात : मुलगी स्वतःच्या नावाने भावाविरुद्ध लिहिते आणि प्रकरण भावंडांच्या वाटणीच्या भांडणासारखं दिसू लागतं. आईने तुम्हाला अधिकारपत्र द्यावं. डाव्या अंगठ्याचा ठसा घ्या, खाली ‘डावा अंगठा’ लिहा, घराबाहेरच्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि तिला मजकूर समजतो असा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा जोडा. उद्या भाऊ ‘आईला काही कळत नाही’ म्हणणार, तेव्हा हाच दाखला उपयोगी पडेल.

कायद्याने महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये मिळतात. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस. तोवर अंतरिम रक्कम मागा, न मागता ती क्वचितच मिळते. आदेशानंतर पैसे थकले तर 3 महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करा, उशीर झाला की त्या हप्त्याची वसुली अडते. 10,000 मध्ये भागत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायालयात जाता येतं, तिथे ही मर्यादा नाही. पण दोन्हींपैकी एकच वाट धरावी लागते.

तुमच्या सेवेची मजुरी 2007 चा कायदा देत नाही. उलट तुम्हीही ‘अपत्य’ आहात आणि भाऊ तुम्हालाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करून घेऊ शकतो. त्याला उत्तर हिशेबाच्या वहीतून द्या. डायपर दिवसाला 3 म्हणजे महिन्याला 90, फिजिओथेरपीच्या खेपा, औषधं, दिवसपाळीला बाई ठेवली तर तिचा दर, सगळं बिलांसह लिहा. ‘हे काम मी विनामोबदला करते, माझा वाटा मी असा देते’ हे अर्जातच मांडा.

घर विकू नये असा अंतरिम आदेश याच अर्जात मागा. हालचाल दिसली तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम घ्या. तुम्ही दोघी घर सोडू नका, वीजबिल आणि घरपट्टीच्या पावत्या जपा. आत राहणारी माणसं पाहून शहाणा खरेदीदार आधी थबकतो.

जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तुम्हालाही. 2007 च्याच कायद्याच्या कलम 17 मुळे न्यायाधिकरणासमोर वकील उभा राहण्यावर वाद होतात, त्यामुळे तिथे वकिलाचा उपयोग मुख्यतः अर्ज बांधण्यापुरता धरा. आई 70 च्या वर आहे, तेव्हा उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. वर्षाला 5 लाखांपर्यंत दवाखान्यात दाखल होऊन घेतलेले उपचार त्यात येतात, घरचे डायपर नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. कुठे अडलात तर 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे सांभाळ करणाऱ्यालाही बोलता येतं.