टोकियोच्या मासळी बाजारात सकाळी न्याहारीला जावं का? कच्च्या माशाने पोट बिघडत नाही ना?

जावं, नक्की जावं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘आमच्याकडे आज पकडलेला मासा आजच खातात, तिथे म्हणे शिळा मासा कच्चा देतात’. ते वाचून मला लिहायला बसावंच लागलं. हेच वाक्य माझ्या मामाने गावभर केलं आहे.

माझं माहेर मालवणचं, सध्या मी टोकियोतल्या निशीकासाईला राहते. मामा इकडे आला तेव्हा त्याला भल्या सकाळी त्सुकिजीला, म्हणजे टोकियोच्या जुन्या मासळी बाजारात, नेलं. लिलावाचा घाऊक बाजार २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोतच तोयोसूला गेला, पण १९३५ पासून तिथे असलेल्या त्या बाजाराभोवतीच्या गल्ल्या जागेवरच आहेत. ‘खरा बाजार गेला, आता तिथे काय उरलंय’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तोयोसूचा लिलाव काचेआडून बघायचा असतो. गल्लीत उभं राहून खायचं सुख त्सुकिजीतच.

मामाचा जन्म जेटीवर मासळी घेण्यात गेला. कल्ले उघडून लाली बघायची, बोटाने दाबायचं, मग भाव बोलायचा. इथे समोर ट्यूनाचे नुसते ठोकळे, कुठे लालभडक तर कुठे फिकट गुलाबी. कल्ले उघडणार कशाचे? त्याने मला विचारायला लावलं, मासा कधीचा? दुकानदार मोठ्या अभिमानाने म्हणाला, आठवडाभर मुरवलाय. मी जसंच्या तसं सांगितलं. मामाने पुढे केलेला हात मागे घेतला. “शिळो मासो कच्चो खातत ही माणसां?”

तिथेच मी त्याला समजावायला लागले, पण त्याला ऐकायचंच नव्हतं. गावी परतल्यावर भावाच्या लग्नात, पंगतीत, सगळ्यांदेखत त्याने ‘जपानात शिळे मासे खातात’ हे ऐकवलं. तेव्हापासून माहेरी गेले की कोणी ना कोणी मला त्यावरून छेडतंच.

म्हणून तुम्हाला सविस्तर सांगते. मोठा ट्यूना पकडल्या दिवशी चिवट लागतो आणि चवीला फिका. मासा मेल्यावर त्याच्या मांसातली ऊर्जा हळूहळू मोडते, त्यातून इनोसिनिक आम्ल तयार होतं आणि चव येते ती त्याची. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कडक थंडी लागते. चांगला मासा इथे ‘इकेजिमे’ करून मारतात. आधी मेंदूत टोचतात, मग रक्त काढून टाकतात, मग पाठीच्या कण्यातून तार फिरवतात. मासा तडफडला नाही की ती ऊर्जा वाया जात नाही. दूरच्या समुद्रातला ट्यूना तर बोटीवरच उणे ६० अंशांवर गोठवतात. ‘बर्फातला मासा म्हणजे वाईट मासा’ हे इथे लागूच पडत नाही.

आणि ‘शिजवलं की सगळं मरतं’ हेही खरं नाही. बांगडा किंवा ट्यूना उन्हात तसाच पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. दुपारपर्यंत बर्फाशिवाय टोपलीत राहिलेल्या बांगड्याचं तिखलं मी बिनघोर खाणार नाही, मामा काहीही म्हणो. मुरवलेला ट्यूना मात्र डोळे मिटून खाते.

मजा म्हणजे, त्या सकाळी मामाने सर्वांत आवडीने खाल्लं ते काडीला लावलेलं गरम तामागोयाकी. गोडसर, रसदार अंड्याची वडी. तो रस कात्सुओबुशीचा, म्हणजे उकडून, धुरावर धरून, महिनोन्‌महिने वाळवलेल्या माशाचा! घरी सोडे आणि सुका बांगडा आवडीने खाणाऱ्या माणसाला जुन्या माशाचं वावडं असायचं कारणच नाही, हे मी त्याला तिथेच म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही.

आता खायचं काय? आधी तामागोयाकी. मग सोया सॉस घालून शिंपल्यातच भाजलेला होताते, म्हणजे स्कॅलप. कच्च्यात पहिल्यांदा ट्यूनाचा लाल भाग, आकामी, घ्या. ओतोरोच्या, म्हणजे ट्यूनाच्या पोटाकडच्या भागाच्या, मागे लागू नका, ती निव्वळ चरबी आहे आणि पैसेही फार जातात. भातावर दहा प्रकार रचलेला काइसेनदोन फोटोत छान दिसतो, पण त्यात एकाही माशाची चव धड कळत नाही. मासळी बाजारात येऊन वाग्यू बीफच्या काड्या खाणाऱ्यांना मी हात जोडते. चालता चालता खाऊ नका, दुकानासमोर उभं राहून खा आणि काडी तिथेच परत द्या. नंतर शेजारच्या नामियोके देवळात जाऊन या. सुशी, कोळंबी, अंडं यांच्या स्मरणार्थ तिथे दगड उभारले आहेत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारा मामा त्या दगडांसमोर बराच वेळ हात जोडून उभा होता. तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं.

रविवारी आणि बऱ्याच बुधवारी दुकानं बंद असतात. रोख पैसे ठेवा. शाकाहारी कोणी सोबत असेल तर तामागोयाकीतही मासा आहे हे आधी सांगा. होरुमोन म्हणजे जनावरांची आतडी, ती गाईची किंवा डुकराची असू शकतात, तेही विचारून घ्या. गरोदर बाईने कच्चं खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि पोटाचं विचारलंत म्हणून, धोका अगदीच नाही असं नाही. साबा, म्हणजे इथला बांगड्याच्या कुळातला मासा, त्यात अनिसाकिस नावाची अळी असू शकते. ती वसाबीने मरत नाही, व्हिनेगरनेही नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवली किंवा नीट शिजवली तरच मरते. कच्चं खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ आली तर घरगुती उपाय करत बसू नका. इस्पितळात जाऊन कोणता मासा खाल्ला ते सांगा, दुर्बीण घालून अळी काढून टाकतात.