लेकरू बोलावं म्हणून कोणतं टॉनिक द्यावं?

“मॅडम, यातलं कोणतं चालू ठेवू आन् कोणतं बंद करू?” परभणी जिल्ह्यातल्या एका गावाहून आलेल्या आईचा हा प्रश्न. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांचे बहुतेक पालक तो कधी ना कधी विचारतातच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा पाच वर्षांचा, वजन १६ किलो. हाकेला ओ देत नव्हता, शब्द दोन-तीनच. आईच्या पिशवीत ओमेगा-३ चं सिरप, बी-६ आणि मॅग्नेशियमची पावडर, प्रोबायोटिक, मल्टिव्हिटॅमिन आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या होत्या. यातलं काही मेडिकलवाल्याने दिलेलं, काही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून मागवलेलं. सोयाबीनच्या पैशातला मोठा वाटा यात गेला होता आणि परवडत नाही म्हणून स्पीच थेरपी बंद पडली होती. आम्हाला सगळ्यात जास्त खुपलं ते हे.

पुड्या मात्र त्या दिवशीच थांबवायला सांगितल्या. एका पुडीत ६०,००० युनिट ड जीवनसत्त्व असतं. कमतरता असेल तर डॉक्टर ती आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच देतात. इथे ती रोज दुधात पडत होती. ड जीवनसत्त्व शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मग उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी लघवी आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. म्हणून मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून कॅल्शियम आधी तपासायला सांगितलं. सुदैवाने ते वाढलेलं नव्हतं. बी-६ ची पावडरही बंद. तिचे मोठे डोस फार दिवस घेतले तर हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बोलता न येणारं लेकरू हे सांगणार कसं?

आजवर एकाही सप्लिमेंटने ऑटिझमची मूळ लक्षणं कमी होतात असं भरवशाने सिद्ध झालेलं नाही. ओमेगा-३ चे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. फोलिनिक अ‍ॅसिडची (फोलेट या जीवनसत्त्वाचं एक रूप) चर्चा २०२५ पासून फार वाढली आहे; त्याचेही अभ्यास लहान आहेत, ते स्वतःहून सुरू करू नये.

“पण पावडर सुरू केल्यावर त्यो बघायला लागला की,” वडील म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मूल वाढतं तसं काही ना काही शिकतच असतं, आणि आपण नवं औषध बहुधा मूल सगळ्यात जास्त त्रासात असताना सुरू करतो, त्यामुळे नंतरचे बरे दिवस औषधाच्या नावावर जमा होतात. अमेरिकेत १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचा ऑटिझमवरचा उपाय म्हणून असाच गाजावाजा झाला. १९९९ मध्ये ६० मुलांवर चाचणी झाली: काहींना सिक्रेटिनचं इंजेक्शन, काहींना नुसतं मिठाचं पाणी. सुधारणा दोन्ही गटांत जवळपास सारखीच दिसली. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. आशा सोडवत नाही, हे आम्हाला समजतं.

या मुलाचं खाणं विचारलं तेव्हा खरा धागा हाती आला. दिवसभरात लिटरभर दूध, बिस्किटं आणि मोकळा भात. अंगणातली माती खायचा. रात्री एक वाजेपर्यंत झोप नाही, शौचाला तीन-चार दिवसांनी, आणि त्या दिवसांत डोकं आपटणं वाढायचं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६ आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, फार कमी. जास्त दुधाने पोट भरतं, बाकीचं खाणं मागे पडतं आणि लोहही नीट शोषलं जात नाही. लोह कमी असलं की झोप अस्वस्थ होते. ही कमतरता ऑटिझममुळे नाही, एकाच प्रकारच्या खाण्यामुळे आली होती, आणि ती भरून काढता येते.

डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं, दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे या मुलाला सुमारे ४८. बाटलीवर ‘एलिमेंटल’, म्हणजे प्रत्यक्ष, लोह किती लिहिलंय ते पाहून मिली ठरवायचे. इथे गफलत फार होते. दूध-चहापासून दोन तास लांब, थोड्या लिंबूपाण्यासोबत. शी काळी होईल, घाबरू नये. दात डागाळतात म्हणून सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आत, मागच्या बाजूला सोडायचं. बाटली कुलपात ठेवायची. लोहाचा जास्त डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो. आणि त्याच्या भातात ते लपवून कधीही घालायचं नाही, हे आम्ही दोनदा बजावलं. अशा मुलाला चव बदललेली लगेच कळते आणि खात असलेला एकुलता एक पदार्थही तो सोडून देतो.

दूध हळूहळू ४०० मिलीवर आणायचं, पूर्ण बंद नाही. गहू आणि दूध बंद करायच्या आहारालाही ठोस पुरावा नाही, आणि दूध गेलं की कॅल्शियम जातं. ज्यांना गहू टाळून पाहायचाच आहे त्यांनी महागडं ग्लूटेन-फ्री पीठ मागवू नये. आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीत ग्लूटेन नसतंच. भाकरीचा नखाएवढा तुकडा रोज भाताशेजारी ठेवायचा, आग्रह करायचा नाही. जेवणानंतर पाच मिनिटं शौचाला बसवायचं, पायाखाली पाट. बद्धकोष्ठतेचं औषध डॉक्टरांनी दिलं. झोपेच्या एक तास आधी मोबाइल बंद. एवढं करूनही झोप आली नसती तर डॉक्टरांना मेलाटोनिनबद्दल विचारलं असतं. झोप लागण्यापुरता त्याला बरा पुरावा आहे.

तीन महिन्यांत माती खाणं थांबलं, झोप साडेदहाला येऊ लागली, डोकं आपटणं बरंच कमी झालं. शब्द लोहाने वाढले नाहीत. पण मूल आता वीस मिनिटं बसू शकत होतं, आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपी पुन्हा सुरू झाल्यावर ते बोटाने दाखवून मागायला लागलं. निरामय विमा योजनेत थेरपीचा खर्चही मिळतो. तो अर्ज त्यांनी भरला.

ओमेगा-३ मात्र वडिलांना सोडवेना. तिथे आम्ही अट घातली: आठ आठवडे दुसरं काहीही नवं सुरू करायचं नाही, रोज ‘मागण्यासाठी किती वेळा बोट दाखवलं’ एवढंच वहीत मांडायचं आणि थेरपिस्टला औषधाबद्दल सांगायचं नाही. आठ आठवड्यांनी वहीतल्या आकड्यांत फरक दिसला नाही, थेरपिस्टलाही जाणवला नाही. बाटली संपल्यावर त्यांनी नवी आणली नाही. लोह मात्र हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला आणखी दोन-तीन महिने चालू ठेवायचं आहे, मग पुन्हा फेरिटिन तपासायचं.