दोन गोळ्यांचा हिशेब एकच धरू नकोस

तू विचारलंस ते थोडक्यात असं. राहायला म्हापशाला, नोकरी पणजीत. दोन महिने छातीत धडधड आणि झोप नाही, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलीस. त्यांनी सकाळी एस्सिटालोप्राम आणि रात्री क्लोनाझेपाम ०.२५ मिलिग्रॅम दिली आणि तीन आठवड्यांनी परत बोलावलं. आज नववा दिवस. आई म्हणते, ही गोळी एकदा धरली की सुटत नाही. म्हणून रात्रीची गोळी तू एक दिवसाआड घ्यायला लागलीस, आणि आता दोन्ही बंद करू का, असं विचारतेस.

डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच बंद करू नकोस. मी डॉक्टर नाही, सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. पण या गोळ्या मी घेतल्या आहेत, चुकीच्या रीतीने सोडल्या आहेत आणि नंतर नीट सोडल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे समजून घे की तुझ्या दोन गोळ्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत आणि आईची भीती त्यातल्या एकीलाच लागू पडते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेंझोडायझेपीन कुळातली. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन मज्जातंतूंची धावपळ आवरतं, त्याचा जोर ही औषधं वाढवतात. म्हणून गुण तासाभरात दिसतो. पण रोज बाहेरून मदत मिळत राहिली की मेंदू त्या हिशेबाने स्वतःला बदलून घेतो, आणि ती मदत एकाएकी गेली की उघडा पडतो. ही काळजी खोटी नाही. ब्रिटनमध्ये १९८८ सालीच डॉक्टरांना सांगण्यात आलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या सगळ्या कुळावर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापायला लावला.

एस्सिटालोप्राम ही नैराश्य आणि चिंतेवरची गोळी, तिचं तसं नाही. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ती एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ शकतं, म्हणून तीही हळूहळूच कमी करतात. पण तिची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं मनाला वाटत नाही. उलट सुरुवातीचे काही दिवस तिने अस्वस्थता थोडी वाढूही शकते. माझ्या समजुतीने तुझ्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी तेवढ्यासाठीच दिली असावी, सकाळची गोळी कामाला लागेपर्यंतचा पूल म्हणून. तीन आठवड्यांनी बोलावलंय त्यावरून तरी तसंच दिसतं. पण हे त्यांनी तुला तोंडाने सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही म्हणून तू घाबरलीस, त्यात तुझी काही चूक नाही.

आता माझी गोष्ट. नवरा गेल्यावर मला अल्प्राझोलाम सुरू झाली, ०.५, रात्री एक. पंधरा दिवसांसाठी होती. मी डॉक्टरांकडे परत गेलेच नाही. जुनी चिठ्ठी दाखवली की फार्मसीत पाकीट मिळायचं. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये येते; दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही कोणाला काही सांगितलं नाही. वर्षभरात रात्रीची एक होती ती सकाळी एक, रात्री एक झाली. मग एक दिवस स्वतःचीच लाज वाटली, आणि गणेश चवथीच्या चार दिवस आधी मी पाकीट कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी भांड्याचा आवाजसुद्धा कानाला सोसेना. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला स्टुलावर चढले तर हात इतके थरथरत होते की सुपारीचा घोस निसटून खाली पडला. मला वाटलं, जुना आजार दुपटीने परत आला. तो आजार नव्हता, ते औषध एकदम तोडल्याचं लक्षण होतं. भावाने डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की अशाने फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. गोळी पुन्हा सुरू झाली आणि मग आठ महिन्यांत ती सुटली. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी कमी. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबायचं, पण मागे जायचं नाही. शेवटचा पाव तुकडा सोडणं सगळ्यात जड गेलं, हेही खरं सांगते. आज मी फक्त एस्सिटालोप्राम घेते, आणि त्याची मला लाज नाही.

मी व्यसनी झाले होते का? भावाने हे विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नाही म्हटलं. त्यांनी सांगितलं, शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही गोळीच्या मागे धावतो. शरीराची सवय मात्र सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यालाही होऊ शकते, आणि नीट उतरवली तर उतरते. आईला हा फरक समजावून सांग.

तुझं माझ्यासारखं झालेलं नाही. नऊ दिवस, तेही ०.२५, एवढ्याने शरीर अडकून पडतं असं सहसा होत नाही. पण एक दिवसाआड घेऊन तू स्वतःला फसवते आहेस. गोळी न घेतलेल्या रात्री जी धडधड होते ती आजाराची, भीतीची की गोळी चुकल्याची, हे तुला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. उद्या त्यांना फोन कर आणि केलंस ते जसंच्या तसं सांग. विचार, रात्रीची गोळी नक्की किती दिवस? थांबवायची कशी, किती-किती कमी करून? घ्यायचीच झाली तर रोज की फक्त फार त्रास होईल तेव्हा? उत्तरं त्यांच्या समोरच कागदावर लिही. नुसतं "बघू पुढे" असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयाची ओपीडी आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही; आमच्या गावची निम्मी माणसं त्या फाटकाकडे बघायलाही भितात, याचं मला फार वाईट वाटतं. गोळ्यांबरोबर समुपदेशन मिळेल का, तेही विचार. चिंतेवर बोलण्याचे उपचार खरोखर लागू पडतात, आणि गोळी सुटल्यावर तेच हाताशी उरतात.

दोन गोष्टी मात्र कडकपणे सांगते. रात्रीच्या गोळीवर दारू नाही. लग्नात घोटभर फेणी नाही, उन्हाळ्यात काजूची हुर्राकही नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि त्यात माणसं दगावली आहेत. आणि सकाळी डोकं जड असेल त्या दिवशी स्कूटर घरी ठेव, कदंबाच्या बसने पणजीला जा.

तुझं वय पंचविशीच्या आत आहे असं लिहिलंस. एस्सिटालोप्रामच्या पहिल्या आठवड्यांत या वयात कधीकधी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. तसं काही मनात आलं तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. रात्री-अपरात्री कोणी मिळालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे.

फोन करताना आईला शेजारी बसव. तिने माझ्यासारखं कोणाला तरी पाहिलं असणार, म्हणून ती घाबरली आहे. गोळी कधी सुटणार हे डॉक्टरांच्याच तोंडून तिने ऐकलं तर बरं.